ज्याच्या नव्या आठवणी होत नव्हत्या: हेन्री मोलेसनचं प्रकरण आणि मेंदूची रचना

एप्रिल 1955. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड शहरात एका 29 वर्षांच्या तरुणाची मानसशास्त्रीय तपासणी चालू होती. आज कोणता महिना, असं विचारल्यावर त्यानं ‘मार्च 1953’ असं सांगितलं. वय विचारलं तर 27. तपासणीच्या खोलीत येण्याआधी तो दुसऱ्या एका डॉक्टरांशी बोलत बसला होता. त्या बोलण्याचा त्याला मागमूसही नव्हता. बोलणं मात्र सभ्य आणि सुसंगत होतं. बुद्ध्यांक 112 आला, म्हणजे सरासरीपेक्षा चांगलाच वर. स्मृतिचाचणीत गुणांक आला 67.

हा तरुण म्हणजे हेन्री मोलेसन. 2008 साली त्याचं निधन होईपर्यंत जगाला तो फक्त ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी ठाऊक होता. मेंदूची ओळख करून द्यायची तर बहुतेक पुस्तकं भागांची नावं आणि त्यापुढे त्यांची कामं अशी यादी देतात. मला ती पद्धत पटत नाही. नावं पाठ होतात आणि परीक्षा संपली की जातात. त्यापेक्षा एका माणसाच्या मेंदूतून नेमकं काय काढलं, त्यानंतर त्याचं काय गेलं आणि काय टिकलं, हे सावकाश पाहावं. या प्रकरणात तर जे टिकलं त्यानंच जास्त शिकवलं आहे.

आजार

हेन्रीचा जन्म 26 फेब्रुवारी 1926 चा. लहानपणी एका सायकलची धडक बसून तो पडला होता आणि डोक्याला मार लागला होता. वडिलांच्या घराण्यात अपस्मार होता. या दोन्हींपैकी मूळ कारण कोणतं, याचा निकाल लागला नाही. दहाव्या वर्षापासून त्याला लहान झटके येऊ लागले: काही क्षण भान हरपायचं, बोलणं मध्येच थांबायचं. पंधरा-सोळाव्या वर्षी मोठी आकडी सुरू झाली. अंग ताठ होणं, हातपाय झाडणं, जीभ चावली जाणं, मग बेशुद्धी. शाळेत मुलं चिडवायची म्हणून त्यानं शाळा सोडली, नंतर पुन्हा दुसऱ्या शाळेत नाव घालून एकविसाव्या वर्षी शिक्षण पुरं केलं. टाइपरायटरच्या कारखान्यात कामाला लागला. सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत औषधांचे मोठे डोस चालू असूनही त्याला काम करणं अशक्य झालं होतं.

आकडी म्हणजे मेंदूत काय होतं, हे समजायला चेतापेशीपासून सुरुवात करावी लागते. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी आहेत. प्रत्येक पेशीच्या आत आणि बाहेर विद्युतभारात फरक असतो. शांत असताना आतली बाजू साधारण 70 मिलिव्होल्टनं ऋण असते. पेशी उद्दीपित झाली की तिच्या पडद्यातली सोडियमची दारं उघडतात, सोडियमचे भारित कण आत घुसतात, आणि हा बदल पेशीच्या लांब तंतूवरून पुढे धावत जातो. तंतूच्या टोकाला पुढच्या पेशीपर्यंत एक अतिशय अरुंद फट असते, तिला सिनॅप्स म्हणतात. तिथे विजेचं काम रसायन करतं. ग्लुटामेट हे रसायन पुढच्या पेशीला उठवतं, गाबा हे रसायन तिला दाबून ठेवतं. एकेका पेशीवर असे हजारो सिनॅप्स असतात आणि उठवणाऱ्या व दाबणाऱ्या संदेशांची बेरीज-वजाबाकी क्षणाक्षणाला चालू असते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, सुमारे 1300 ते 1400 ग्रॅम. पण विश्रांतीच्या वेळीही शरीराची जवळपास 20 टक्के ऊर्जा तो घेतो. त्यातली बरीचशी ऊर्जा हे विद्युतभार पुन्हा पुन्हा जागच्या जागी आणण्यात खर्च होते.

हा तोल बिघडला आणि असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात विद्युतसंदेश सोडू लागल्या की आकडी येते. आपल्याकडे घराघरांत ज्याला फिटचं औषध म्हणतात, ते फेनिटॉइन सोडियमची ती दारं वारंवार उघडण्यापासून रोखतं. अपस्मारावर त्याचा वापर 1938 पासून सुरू झाला. हेन्रीही ते घेत होता. त्याला ते पुरलं नाही.

शस्त्रक्रिया

हार्टफर्डचे शल्यविशारद विल्यम बीचर स्कोव्हिल मानसिक रुग्णांवर मेंदूच्या शस्त्रक्रिया करत. त्या काळी लोबॉटॉमीचा, म्हणजे मेंदूच्या पुढच्या खंडाचे धागे तोडण्याचा, मोठा प्रसार झालेला होता. स्कोव्हिल यांनी कानशिलांच्या आत असलेल्या खंडाचा आतला भाग दोन्ही बाजूंनी काढण्याची पद्धत काही मनोरुग्णांवर वापरली होती. 1953 साली त्यांनी तीच हेन्रीवर केली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. शस्त्रक्रियेआधी काढलेल्या विद्युत-आलेखात झटक्यांचा उगम एका ठिकाणी आहे, असं दिसलं नव्हतं. स्कोव्हिल यांनीच पुढे लिहिताना या शस्त्रक्रियेला उघडपणे प्रायोगिक म्हटलं आहे. रुग्ण झटक्यांमुळे पूर्ण अपंग झाला होता, हे त्यांनी दिलेलं समर्थन.

भुवयांच्या वर कवटीला दोन भोकं पाडली गेली. हेन्री जागा होता. मेंदूला स्वतःला वेदना जाणवत नाही, त्यामुळे फक्त टाळूची कातडी बधिर केलेली होती. पुढचे खंड पात्यानं हलकेच उचलून त्यामागे असलेला कानशिलाच्या खंडाचा आतला भाग शोषनळीनं काढून घेतला. आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. दोन्ही बाजू काढल्या, यातच पुढची सगळी कथा आली.

झटके खरोखरच कमी झाले. मोठी आकडी क्वचित येऊ लागली. शस्त्रक्रियेचा जो घोषित हेतू होता, तो बराचसा साधला.

काय गेलं

घरी आल्यावर आईवडिलांच्या लक्षात आलं ते असं. जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं त्यानं काय खाल्लं हे त्याला सांगता येत नव्हतं. तेच मासिक तो पुन्हा पुन्हा वाचायचा आणि प्रत्येक वेळी ते त्याला नवं असायचं. चित्राचे तुकडे जुळवण्याचं तेच कोडं रोज सोडवायचा. गवत कापण्याचं यंत्र आदल्या दिवशी वापरलेलं असलं तरी ते कुठे ठेवलं आहे हे आईला दर वेळी सांगावं लागायचं. कुटुंब त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या घरात राहायला गेलं. दहा महिन्यांनंतरही त्याला नवा पत्ता येत नव्हता आणि जुना मात्र चोख पाठ होता.

मॉन्ट्रियलमध्ये त्याच सुमारास वाइल्डर पेनफिल्ड हे शल्यविशारद अपस्माराच्या रुग्णांचा कानशिलाचा खंड एका बाजूनं काढत असत, आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्या रुग्णांच्या चाचण्या घेत. त्यांच्या दोन रुग्णांची स्मृती अनपेक्षितपणे गेली होती. त्या रुग्णांची न काढलेली दुसरी बाजू आधीपासूनच खराब असावी, असा पेनफिल्ड आणि मिल्नर यांचा तर्क होता. तो तर्क वाचून स्कोव्हिल यांनी पेनफिल्डना कळवलं की माझ्याकडेही असाच एक रुग्ण आहे. मिल्नर हार्टफर्डला गेल्या आणि त्यांनी जी तपासणी केली, तीच या लेखाच्या सुरुवातीला आली आहे. 1957 साली स्कोव्हिल आणि मिल्नर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. हेन्रीखेरीज त्यात आणखी नऊ रुग्ण होते. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग जितका जास्त काढला, तितका स्मृतीचा बिघाड मोठा, असं त्या दहा जणांवरून दिसत होतं.

हा निष्कर्ष त्या काळात किती अनपेक्षित होता, हे आज जाणवत नाही. भाषेसाठी मेंदूत ठरावीक जागा असते, हे पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये दाखवून दिलं होतं. स्मृतीबाबत मात्र उलट समज रूढ होता. कार्ल लॅशली यांनी वर्षानुवर्षं उंदरांना भूलभुलैया शिकवून त्यांच्या मेंदूच्या बाह्य थराचे वेगवेगळे भाग काढून पाहिले, आणि कुठलाही एक भाग काढल्यानं आठवण पुसली जात नाही, किती भाग काढला यावर बिघाड अवलंबून असतो, असं त्यांचं मत झालं. स्मृती सगळीकडे पसरलेली आहे, तिला पत्ता नाही, असं मानलं जात होतं. हेन्रीच्या रूपानं एक माणूस समोर उभा राहिला, ज्याची बुद्धी, भाषा, दृष्टी, स्वभाव जागच्या जागी होते आणि केवळ नवी आठवण तयार होणं बंद पडलं होतं.

काय टिकलं

सहा-सात आकडे ओळीनं सांगितले तर हेन्री ते लगेच तुमच्या-आमच्यासारखे परत म्हणायचा. लक्ष हलू दिलं नाही तर तो एखादी गोष्ट बराच वेळ धरूनही ठेवू शकायचा. एकदा त्याला 584 ही संख्या लक्षात ठेवायला सांगितली. पंधरा मिनिटांनी त्यानं ती बरोबर सांगितली. कशी? पाच, आठ आणि चार यांची बेरीज सतरा, आठ लक्षात ठेवायचे, सतरातून वजा केले की उरतात नऊ, नऊचे दोन भाग पाच आणि चार, झाले 584. सगळा वेळ तो हेच मनात घोळवत बसला होता. मग बोलणं दुसरीकडे वळलं, आणि एका मिनिटानंतर संख्या तर गेलीच, आपल्याला कुठली संख्या दिली होती हेही गेलं.

क्षणभर मनात धरून ठेवणं आणि कायमचं साठवणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे यातून उघड झालं. पहिलं काम मुख्यतः कपाळामागचा पुढचा खंड आणि डोक्याच्या वरच्या बाजूचा पार्श्वखंड मिळून करतात. ते हेन्रीकडे शाबूत होते.

त्याहून मोठा धक्का 1962 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगानं दिला. कागदावर दुहेरी रेषेनं काढलेला पाच टोकांचा तारा, आणि त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. अट अशी की कागद आणि हात थेट दिसणार नाहीत, फक्त आरशात दिसतील. करून पाहा, हात सारखा उलटीकडे जातो. मिल्नर यांनी हेन्रीकडून हे सलग तीन दिवस करून घेतलं. त्याच्या चुका दर फेरीला कमी होत गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं पहिल्या दिवशी जिथे सोडलं होतं जवळपास तिथूनच सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तर तो सफाईनं तारा काढत होता. आपण हे याआधी कधी केलं आहे, याची त्याला यत्किंचितही जाणीव नव्हती.

हा प्रयोग मला मेंदूविज्ञानातला सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो. त्याला लागली एक पेन्सिल, एक आरसा आणि एक शहाणा प्रश्न. त्यातून सिद्ध झालं की हाताला शिकवलेलं कौशल्य आणि ‘मी हे शिकलो’ ही आठवण मेंदूच्या वेगवेगळ्या यंत्रणा सांभाळतात. कौशल्यं मुख्यतः मेंदूच्या खोलात असलेल्या बेसल गँग्लिया या पेशीपुंजांवर, मागच्या बाजूच्या लहान मेंदूवर आणि हालचालींच्या बाह्यथरावर अवलंबून असतात. शस्त्रक्रियेत त्यांना हात लागला नव्हता. लहान मेंदू आकारानं लहान खरा, पण मेंदूतल्या 86 अब्ज चेतापेशींपैकी सुमारे 69 अब्ज एकट्या त्याच्यात आहेत.

पुढे अर्धवट रेखाटलेली चित्रं ओळखण्याची चाचणी झाली. तासाभरानं तीच चित्रं पुन्हा दाखवली तर हेन्री ती कमी रेषांवरून ओळखू लागला, पण आधी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्याचा ठसाही हिप्पोकॅम्पसशिवाय उमटत होता. लॅरी स्क्वायर आणि इतरांनी नंतर स्मृतीची जी वर्गवारी मांडली, ‘सांगता येणारी’ आणि ‘कृतीतून दिसणारी’, तिचा पाया या एका माणसाच्या चाचण्यांत आहे.

आणि तो माणूस सौम्य होता, शब्दकोड्यांचा शौकीन होता, मदतीला तयार असायचा. स्वतःच्या अवस्थेचं वर्णन त्यानं एकदा असं केलं: प्रत्येक दिवस स्वतःपुरता एकटा असतो, त्यात कितीही आनंद झालेला असो वा दुःख. आपण आत्ता काही चुकीचं बोललो किंवा वागलो तर नाही ना, ही काळजी त्याला असे. स्मृती गेलेल्याला दुःखही राहत नसेल, असं जे सहज म्हटलं जातं, ते त्याचे हे शब्द वाचल्यावर म्हणवत नाही.

मेंदूच्या नकाशावर

आता तो काढलेला भाग नक्की कुठे असतो ते पाहू. मोठा मेंदू डाव्या-उजव्या दोन गोलार्धांचा असतो आणि दोघांना जाड तंतूंचा पूल जोडतो. बाहेरचा करड्या रंगाचा थर फक्त 2 ते 4 मिलिमीटर जाडीचा आहे. कवटीत मावावा म्हणून तो घड्या पडून बसलेला असतो. प्रत्येक गोलार्धाचे चार खंड: कपाळामागचा नियोजन, संयम आणि हालचालींचा, त्यामागे वरचा, स्पर्श आणि अवकाशाची जाण यांचा, सर्वांत मागचा दृष्टीचा, आणि कानांच्या पातळीला असलेला कानशिलाचा, जो आवाज, शब्दांचे अर्थ, चेहरे ओळखणं अशी कामं करतो. खाली मेंदूचा दांडा, श्वास, हृदयाचे ठोके आणि जाग यांचा सांभाळ करणारा. मध्यभागी थॅलॅमस, वास सोडला तर इतर इंद्रियांचे संदेश तिथून बाह्यथराकडे जातात.

कानशिलाच्या खंडाची आतली कड मेंदूच्या मध्याकडे दुमडलेली असते. त्या घडीत हिप्पोकॅम्पस आहे, बोटाएवढ्या जाडीचा, दोन्हीकडे एकेक. त्याच्या पुढच्या टोकाला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला, भीती आणि भावनांच्या ठशांशी संबंध असलेला. हिप्पोकॅम्पसच्या शेजारी एन्टोर्‍हायनल बाह्यथर. बाकी मेंदूकडून हिप्पोकॅम्पसकडे जाणारी माहिती मुख्यतः याच दारातून आत जाते.

स्कोव्हिल यांचा अंदाज होता की त्यांनी खंडाच्या टोकापासून मागे 8 सेंटिमीटरपर्यंतचा भाग काढला. 1990 च्या दशकात हेन्रीचं एमआरआय झालं आणि 1997 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा काढलेला भाग सुमारे 5 सेंटिमीटरचाच निघाला. हिप्पोकॅम्पसचा मागचा थोडा भाग उरलेला होता, पण तो आक्रसलेला. अमिग्डाला बहुतेक गेलेला, आणि एन्टोर्‍हायनल बाह्यथर जवळपास पूर्ण गेलेला. दार नसल्यामुळे उरलेल्या हिप्पोकॅम्पसपर्यंत फारसं काही पोचतच नव्हतं. लहान मेंदूही बराच झिजला होता. वर्षानुवर्षं घेतलेल्या फेनिटॉइनचा तो परिणाम मानला जातो.

या नकाशावरून काही जुन्या, सुट्या वाटणाऱ्या निरीक्षणांचाही उलगडा झाला. हेन्रीला वास येतो आहे हे कळायचं, पण कसला ते ओळखता येत नसे. वासाचं पृथक्करण करणारा भाग त्याच टोकाला असतो. जेवण झाल्यावर लगेच दुसरं ताट समोर ठेवलं तर तो तेही खायला लागायचा. त्यात जेवल्याची आठवण नसणं हे एक कारण. भूक आणि तृप्ती यांची आतली जाणीवच मंद असणं हे दुसरं, आणि तिथे अमिग्डालाकडे बोट जातं.

एका रुग्णाच्या एवढ्या मोठ्या जखमेवरून हिप्पोकॅम्पसलाच कसं जबाबदार धरायचं, ही शंका रास्त होती. तिचं उत्तर 1986 मध्ये दुसऱ्या एका रुग्णाच्या मेंदूनं दिलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर मेंदूचा रक्तपुरवठा अपुरा पडून त्याची स्मृती गेली होती. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा दोन्हीकडच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींची एक ठरावीक पट्टी नष्ट झालेली आढळली. त्याची विस्मृती हेन्रीपेक्षा सौम्य होती, पण जात तीच.

हिप्पोकॅम्पस हे काम कसं करतो, याचा धागा 1973 मध्ये मिळाला. टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी ओस्लोत सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये येणाऱ्या तंतूंना थोडा वेळ झपाट्यानं विद्युत उद्दीपन दिलं. त्यानंतर त्या सिनॅप्सवरचा प्रतिसाद कित्येक तास वाढलेला राहिला. एकत्र वापरली गेलेली जोडणी बळकट होते. शिकणं पेशींच्या पातळीवर कसं दिसत असेल, याचं हे पहिलं ठोस चित्र. 1971 मध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या होत्या, ज्या तो खोलीत ठरावीक जागी असतानाच संदेश सोडतात. पुढे माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना एन्टोर्‍हायनल बाह्यथरात जागेचं जाळं आखणाऱ्या पेशी मिळाल्या आणि तिघांना 2014 चं नोबेल मिळालं. ‘कुठे’ हे ज्यात नाही अशी प्रसंगाची आठवण क्वचितच असते, तेव्हा दोन्ही कामं एकाच भागाकडे असणं समजण्यासारखं आहे.

जुन्या आठवणींचा प्रश्न

हेन्रीला बालपण आठवत होतं. 1929 च्या शेअर बाजाराच्या कोसळण्याविषयी तो बोलायचा. मग हिप्पोकॅम्पस हे आठवणींचं कोठार नव्हे, हे उघड आहे. भाताचा तरवा जसा आधी एका छोट्या वाफ्यात वाढतो आणि मग उपटून सगळ्या शेतात लावला जातो, तशी आठवण आधी हिप्पोकॅम्पसच्या आधारानं वाढते आणि काळाच्या ओघात बाह्यथरात ठिकठिकाणी रुजते, अशी एक मांडणी झाली. वाफा नष्ट झाला तरी लावून झालेलं शेत उभं राहतं. शस्त्रक्रियेआधीच्या काही वर्षांतलं हेन्रीला नीट आठवत नव्हतं, जवळच्या नातेवाइकाचा तीन वर्षांपूर्वीचा मृत्यूसुद्धा, याचाही या मांडणीशी मेळ बसतो.

पण पूर्ण नाही. सुझान कॉर्किन यांनी 1962 पासून हेन्रीच्या निधनापर्यंत त्याचा अभ्यास केला. त्यांना पुढे असं आढळलं की त्याला बालपणातली माहिती येत होती, पण एखादा विशिष्ट प्रसंग जसाच्या तसा, रंग-आवाजांसह, फारसा सांगता येत नव्हता. आपण कुठे राहायचो, सुट्टीत कुठे जायचो हे ठाऊक. अमुक दिवशी काय झालं, हे बहुधा नाही. तेराव्या वर्षी केलेली विमानाची सैर हा ठळक अपवाद. म्हणून काही संशोधक म्हणतात की जिवंत प्रसंग पुन्हा उभा करायला हिप्पोकॅम्पस आयुष्यभर लागतो. रुजतं ते फक्त त्यातलं ज्ञान. हा वाद अजून मिटलेला नाही. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, कारण हेन्रीच्या उत्तरांतला हा फरक पहिल्या मांडणीत बसवताना फार ओढाताण करावी लागते.

उलट दिशेचे अपवादही होते. 1958 पासून तो ज्या घरात राहिला त्याचा आराखडा त्याला पुढे काढता येऊ लागला. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाल्याचं त्याला कळलं होतं. रोजच्या वावरातून, थेंबाथेंबानं, काही थोडं आत झिरपत होतं.

संमती कोणाची

कॉर्किन यांनी हेन्रीचं नाव अखेरपर्यंत गुप्त ठेवलं, त्याच्या तब्येतीकडे लक्ष दिलं, आणि शंभराहून अधिक संशोधकांना त्याच्यापर्यंत पोचू दिलं ते आपल्या देखरेखीखालीच. हे सगळं मान्य करूनही एक प्रश्न उरतो. जो माणूस काही मिनिटांपूर्वी काय ऐकलं हे विसरतो, त्याची संमती म्हणजे काय? आईवडील गेल्यावर बरीच वर्षं कायदेशीर पालक नव्हता. 1992 मध्ये न्यायालयानं पालक नेमला आणि मेंदूदानाचा निर्णय त्यानंतर झाला. माझ्यापासून जे समजेल त्याचा इतरांना उपयोग होईल, असं हेन्री वारंवार म्हणायचा, आणि ते मनापासून असावं यात मला शंका नाही. तरीही, विसरणाऱ्याचा चांगुलपणा ही संमती धरता येत नाही. इतकी वर्षं अभ्यास चालणार असेल तर त्याच्या बाजूनं विचारणारा, संशोधकांपासून स्वतंत्र असा कोणीतरी पहिल्या दिवसापासून हवा होता.

2 डिसेंबर 2008 रोजी हेन्री वारला. त्याच रात्री मेंदूचे तासन्‌तास एमआरआय काढले गेले. बरोबर एक वर्षानं सॅन दिएगोच्या विद्यापीठात याकोपो अनेसे यांच्या चमूनं तो गोठवलेला मेंदू 53 तास सलग काम करून 2401 पातळ कापांत कापला. लाखो लोकांनी ते इंटरनेटवर थेट पाहिलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात डाव्या पुढच्या खंडाच्या खालच्या बाजूला एक छोटी इजा नोंदवली गेली, जी आधी कोणाला ठाऊक नव्हती. शस्त्रक्रियेत खंड उचलताना ती झाली असणं शक्य आहे. हेन्रीच्या काही चाचण्यांचे अर्थ तिच्या प्रकाशात पुन्हा तपासावे लागतात. हिप्पोकॅम्पसचा मूळ निष्कर्ष मात्र तिनं हलत नाही. तो तोवर इतर रुग्णांवरून आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून पक्का झालेला होता.

घरात आणि दवाखान्यात

अल्झायमरची सुरुवात बहुधा एन्टोर्‍हायनल बाह्यथर आणि हिप्पोकॅम्पस इथूनच होते. म्हणून आजी माहेरच्या विहिरीवरची पन्नास-साठ वर्षांपूर्वीची भांडणं नावांसकट सांगते आणि जेवून उठल्यावर ‘मला अजून कोणी वाढलं नाही’ म्हणते. ती खोटं बोलत नाही की हट्टही करत नाही. सुनेचं नाव चुकणारी आजी रामरक्षा न अडखळता म्हणते, पोळीचा उंडा पूर्वीसारखाच लाटते. अशा माणसाला ‘आत्ताच तर सांगितलं, आठवत नाही का?’ असं विचारण्यानं त्याला फक्त अपराधी वाटतं. त्याऐवजी चष्मा रोज एकाच जागी, औषध रोज एकाच वेळी, बाथरूमची वाट तीच, असं शिस्तीनं ठेवलं तर जी यंत्रणा अजून शाबूत आहे तिचा आधार मिळतो.

अपस्मारावर कानशिलाच्या खंडाची शस्त्रक्रिया आजही होते आणि औषधांना दाद न देणाऱ्या योग्य रुग्णांसाठी ती फार परिणामकारक आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती 1995 पासून नियमित होते, आता मुंबई-पुण्यातही होते. पण आधी व्हिडिओ ईईजी (चित्रीकरणासोबत काढलेला मेंदूचा विद्युत-आलेख) आणि एमआरआयवरून झटक्यांचा उगम शोधला जातो आणि काढतात ती एकच बाजू. स्कोव्हिल यांनी स्वतःच पुढे दोन्ही बाजू काढण्याविरुद्ध इतर शल्यविशारदांना सावध केलं होतं. उरणारी बाजू एकटीनं स्मृती सांभाळेल का, हे शस्त्रक्रियेपूर्वी पाहिलं जातं. त्यासाठी मॉन्ट्रियलमध्ये मिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जून वाडा या डॉक्टरांच्या चाचणीचा वापर सुरू केला: एका बाजूच्या धमनीत औषध देऊन मेंदूचा तो अर्धा भाग काही मिनिटं निजवायचा, जाग्या अर्ध्याला वस्तू आणि चित्रं दाखवायची, आणि औषध उतरल्यावर त्यातली कोणती आठवतात ते विचारायचं. आता अनेक ठिकाणी तिच्या जागी स्मृतीच्या सविस्तर चाचण्या आणि कार्यात्मक एमआरआय वापरतात. पद्धत कोणतीही असो, उरणारी बाजू त्यात कमी पडली तर ती शस्त्रक्रिया सहसा केली जात नाही.